टीव्ही बंद पडला की कुणी पाडला?

पत्राचा सारांश: दक्षिण नागपुरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. घरात सासरे, नवरा, त्या स्वतः आणि नववीतली मुलगी. पाच वर्षांपूर्वी घेतलेला ४३ इंची एलईडी टीव्ही नवतप्यातल्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या) एका संध्याकाळी बंद पडला. त्या संध्याकाळी लाइट तीनदा गेली आणि आली होती. तेव्हापासून टीव्हीचा लाल दिवा लागतो, रिमोट दाबला की तो लुकलुकतो, पण पडदा काळाच राहतो. नवऱ्याचं म्हणणं, बाबा रोज रात्री भिंतीवरचा खटका बंद करतात, त्यानंच टीव्ही गेला. एक मेकॅनिक येऊन गेला. मागचं झाकण न उघडताच तो म्हणाला, ‘पॅनल गेलं, सोळा हजार लागतील, त्यापेक्षा नवाच घ्या.’ नवऱ्यालाही ५५ इंची नवा घ्यायचा आहे, त्याचा फोटो टीव्ही बंद पडायच्या आधीपासूनच त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. सासरे म्हणतात, महाल भागातल्या आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवू. यावरून इतकी बोलाचाली झाली की आता बातम्यांच्या वेळेला सासरे घराबाहेर निघून जातात. ‘मुलगी म्हणते तिला एकदा टीव्हीचा आवाज आला, पण तो शेजारच्यांचा असेल असं सगळ्यांना वाटतं. दुरुस्त करावा की नवा घ्यावा? आणि बाबांना काय सांगू?’ असं ताई विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मुलीला आवाज आला. घरातल्या मोठ्या माणसांनी तो शेजारच्यांच्या खात्यात टाकला आणि विषय संपवला. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण त्या आवाजावर सोळा हजारांचा हिशेब अवलंबून आहे.

तुमचा टीव्ही आत्ता काय काय करून राहिला आहे ते आधी पाहा. लाल दिवा लागतो, म्हणजे वीज टीव्हीपर्यंत पोचते आहे आणि आतला स्टँडबायचा, म्हणजे रिमोटची वाट पाहत जागा राहणारा भाग शाबूत आहे. रिमोट दाबला की दिवा लुकलुकतो, म्हणजे रिमोटचे सेल ठीक आहेत आणि टीव्हीला हुकूम कळतो. त्यात खरंच आवाजही येत असेल तर तो नुसता जिवंत नाही, बराचसा कार्यक्रम त्याच्या आत चालू आहे आणि फक्त तुम्हाला दिसत नाही. ‘टीव्ही गेला’ हे घरात सगळ्यांनी मान्य केलं आहे, भांडण आहे ते कुणामुळे गेला यावर. मला तर पहिलंच विधान मान्य नाही.

एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. पुढे असते ती लिक्विड क्रिस्टलची काच. चित्र तिच्यावर उमटतं, पण ते दिसायला मागून उजेड लागतो. तो उजेड देणाऱ्या छोट्या एलईडीच्या पट्ट्या काचेच्या मागे असतात, त्यांना बॅकलाइट म्हणतात. या पट्ट्यांमधले एलईडी बहुधा एकामागे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक उडाला की सगळी रांग अंधारते. काही टीव्हींमध्ये मग आवाज येत राहतो आणि पडदा काळा दिसतो. काहींमध्ये क्षणभर चित्र चमकतं आणि विझतं. आणि काही टीव्ही हा बिघाड ओळखून स्वतःच परत स्टँडबायला जातात, त्यामुळे आवाजही क्वचितच कानावर येतो. तुमच्या मुलीला तो ‘एकदा’ ऐकू आला, हे या शेवटच्या प्रकाराशी चांगलं जुळतं.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. रात्री हॉलमधले दिवे घालवा. टीव्ही चालू करा आणि पंधरा-वीस सेकंद थांबा. मग मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, पण तिरका धरा. सरळ धरलात तर काचेत टॉर्चच तेवढा चमकेल. आता दुसऱ्या कुणाला रिमोटवरचं मेनूचं बटण दाबायला सांगा आणि खालीवर जायची बटणंही दाबायला सांगा. टॉर्चच्या वर्तुळात मेनूची चौकट, अक्षरं किंवा चॅनलचं चिन्ह पुसटसं का होईना हलताना दिसलं, तर काच चित्र काढते आहे आणि मागचा उजेड तेवढा गेला आहे. हे काम मुलीलाच द्या. तिचे कान ठीक आहेत असं मला वाटतं, डोळेही ठीक असतील. काहीच दिसलं नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. टीव्ही दोन सेकंदांत स्वतःच बंद होत असेल तर चित्र शोधायला वेळच मिळत नाही. एकदोनदा पुन्हा करून पाहा.

त्याआधी एक साधी गोष्ट करून घ्या. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा. सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय केबल, पेन ड्राइव्ह, होम थिएटर, जे जे मागे खुपसलेलं असेल ते सगळं काढा. मग टीव्हीवरचं स्वतःचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. हे बटण बहुतेक टीव्हींना खालच्या कडेला मधोमध किंवा मागे उजव्या हाताला असतं. अनेकांना पाच-पाच वर्षं ते आहे हेच माहीत नसतं, बोटानं चाचपडलं की सापडतं. यानं आत साठलेली वीज उतरते आणि मधेच अडकलेला टीव्हीच्या आतला सर्किट बोर्ड नव्यानं सुरू व्हायची शक्यता असते. दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन बोर्डावर नको. लाइट सारखी गेली-आली की टीव्हीतला बोर्ड असा अडकणं नवलाचं नाही, आणि कितीतरी ‘मेलेले’ टीव्ही एवढ्यावर उठतात. उठला तर उरलेलं पत्र पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवा.

एक्स्टेन्शन बोर्डाचं मी मुद्दाम म्हटलं. टीव्ही, सेटटॉप, वायफाय आणि उन्हाळ्यात कूलर, असं सगळं एकाच स्वस्त बोर्डावर असलेलं घर नागपुरात हुडकावं लागत नाही. कूलरची मोटर आणि पाण्याचा पंप सुरू होताना बोर्डावर झटका बसतो, त्याच्या सॉकेटांतल्या धातूच्या पट्ट्या तापून सैल होतात. टेस्टर लागला म्हणून सॉकेट ठीक आहे असंही समजू नका. टेस्टरचा दिवा फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली असली किंवा पकड ढिली असली तरी तो आनंदानं लागतो. सॉकेट तपासायचा असेल तर त्यावर इस्त्री लावून पाहा. इस्त्री नीट तापली तर सॉकेटमध्ये दम आहे.

ज्यांच्या टीव्हीचा लाल दिवादेखील लागत नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते, कारण अशीही पत्रं येतात. सॉकेट ठीक असेल, तर पाहायची पुढची गोष्ट टीव्हीची वायर. बऱ्याच टीव्हींना ती मागून काढता येते आणि झाडपूस करताना अर्धवट निघालेली असते. दाबून बसवा. तरी दिवा नाही, तर आतला पॉवर सप्लायचा बोर्ड बहुतेक गेला आहे आणि तो घरी करायचा विषय नाही. उलट दिवा स्थिर आहे आणि रिमोटला दादच देत नाही, तर रिमोट तपासा. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट चालतो. मागच्या कॅमेऱ्यात हा ठिपका काही मोबाइलमध्ये दिसत नाही, म्हणून सेल्फीचा. दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तितकेच वेळा लुकलुकतो, तर ती बिघाडाची खूण आहे. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कंपनीच्या माणसाला त्यातून नेमकं कळतं. कंपनीचं नाव झळकतं आणि टीव्ही तिथेच अडकतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होतो, तर सॉफ्टवेअर किंवा मुख्य बोर्डाची मेमरी. पडद्यावर उभ्या रेघा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा, तर काच. आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं लिहून येत असेल तर टीव्ही बहुतेक बरा आहे, सेटटॉप बॉक्स झोपला असेल.

मागचं झाकण मात्र कुणीही उघडायचं नाही. बाबांनीही नाही, तुमच्या यांनीही नाही. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकते. यूट्यूबवरचा माणूस ते उघडून दाखवतो, कारण त्याला कुठे हात लावायचा नाही ते माहीत असतं.

आता मेकॅनिकचं ‘पॅनल गेलं’. पॅनल म्हणजे ती पुढची काच, तिला चिकटलेल्या सर्किटांसकट. ती गेली तर खर्च खरंच नव्या टीव्हीच्या जवळ जातो आणि दुरुस्तीत शहाणपण नाही. बॅकलाइटच्या पट्ट्या बदलायच्या असतील तर काच सांभाळून उचलावी लागते, काम नाजूक आहे, पण खर्च काच बदलण्याच्या मानानं खूप कमी असतो. टॉर्च न लावता, झाकण न उघडता, मीटर न लावता या दोहोंतला फरक कुणी सांगू शकत नाही. तडा किंवा रेघा दिसत असत्या तर गोष्ट वेगळी होती. तो मेकॅनिक लबाडच होता असं मी म्हणत नाही. दिवसाला पाच घरं करायची असली की काळ्या पडद्याला पॅनल म्हणून मोकळं होणं सोपं पडतं, आणि घरातल्या एका माणसाला तेच ऐकायचं असेल तर आणखी सोपं. पण त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

दुसरा कुणी आला की त्याला दोनच प्रश्न विचारा. काच गेली की बॅकलाइट? आणि ते तुम्ही कशावरून म्हणता? चांगला कारागीर याला रागावत नाही. तो झाकण काढतो, बॅकलाइटच्या जोडणीवर व्होल्टेज मोजतो, पट्ट्या एलईडी तपासायच्या टेस्टरनं लावून कुठला एलईडी लागत नाही ते दाखवतो. पट्ट्या बदलायच्या असतील तर उडालेली एकच नको, सगळा संच बदला. एकाच वयाच्या त्या, एक गेली की बाकीच्याही रांगेतच उभ्या असतात, आणि काच पुन्हा पुन्हा उचलणं हीच सगळ्यात मोठी जोखीम. काच उचलताना फुटली तर कुणाची जबाबदारी, हे आधीच बोलून घ्या. आमच्याकडे भिडेपोटी हे कुणी विचारत नाही आणि मग महिनाभर दोन्ही बाजू फोन टाळतात. खर्चाचा अंदाज कागदावर घ्या, जुना सुटा भाग परत मागा, नव्या भागाला किती दिवसांची हमी ते पावतीवर लिहून घ्या. टीव्ही दुकानात न्यावा लागला तर मागच्या स्टिकरचा, सिरियल नंबरसकट, फोटो काढून ठेवा आणि टीव्ही उभाच न्या. ऑटोच्या सीटवर आडवा टाकून नेला की धडधाकट काचही वाटेत जाते.

बाबांच्या महालातल्या मिस्त्रीला दाखवावं का? माझं मत, जरूर दाखवावं, पण तो एलईडीचं काम करतो का ते आधी विचारून. जुन्या डब्बा टीव्हीत हात बसलेले कितीतरी कारागीर पुढे एलईडी शिकले, काही शिकले नाहीत. ओळख ही हमी नाही, तशी अनोळखी ॲपवरून आलेला गणवेश हीसुद्धा नाही. कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र हा तिसरा मार्ग. फक्त तिथला नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. ‘टीव्ही सर्व्हिस सेंटर नागपूर’ असं शोधल्यावर वर येणारा नंबर कुणाचाही असू शकतो. फोनवरच दहा रुपये भरायला सांगणं, ओटीपी मागणं, मोबाइलचा पडदा दिसेल असं ॲप टाकायला लावणं, यातलं काहीही झालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर कळवा, तिथे उशीर महागात पडतो.

वॉरंटी पाच वर्षांत संपली असणार, तरी बिल काढून पाहा. घेताना दुकानदारानं वाढीव वॉरंटी माथी मारलेली असते आणि आपण ती विसरलेलो असतो. कंपनी सुटा भाग देत नाही किंवा दाद देत नाही असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती असते, तुमची कंपनी आहे का ते पाहा.

आता खटक्याकडे येऊ, कारण घर त्यावर अडून बसलं आहे.

रोज रात्री भिंतीवरचा खटका बंद केल्यानं एलईडी टीव्हीचा बॅकलाइट जळत नाही. बॅकलाइटला खाणाऱ्या गोष्टी दोन, उष्णता आणि कमाल उजेड. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, बंद हॉलमधल्या भिंतीला टेकलेल्या टीव्हीच्या पाठीशी त्याहून जास्त. त्यात टीव्ही दुकानातून येतो तेव्हा अनेकदा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ अशा सेटिंगवर असतो, म्हणजे बॅकलाइट शंभर टक्के, आणि घरोघरी तो तसाच वर्षानुवर्षं चालतो. पॉवर सप्लायमधले कपॅसिटरही उष्णतेनंच म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. पाच नागपुरी उन्हाळे काढलेल्या टीव्हीला मारायला बाबांच्या बोटाची गरज नव्हती.

आणि त्या संध्याकाळचं काय? लाइट गेली की आपण हॉलमधून उठून गच्चीवर जातो, टीव्हीचा खटका चालूच असतो. लाइट परत येते ती नेहमी सरळ येत नाही. गल्लीतले पंखे, कूलर, टुल्लू पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज खालीवर होतं. अशा वेळी खटका बंद असलेला टीव्ही सुरक्षित असतो. म्हणजे बाबांची जी सवय गुन्हा ठरली आहे, तीच सवय त्या संध्याकाळी कुणी पाळली असती तर टीव्ही कदाचित आज चालू असता. हे वाक्य यांना सांगताना आवाज चढवू नका, नाहीतर त्याचा वेगळा टीव्ही सुरू होईल.

यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. स्मार्ट टीव्ही रात्री स्वतःला अपडेट करत असताना वीज तोडली तर सॉफ्टवेअर अडकू शकतं. ओएलईडी नावाचे महागडे टीव्ही असतात, ते बंद झाल्यावर स्टँडबायमध्ये पडद्याची निगा राखतात, त्यांची वीज लगेच तोडू नये. तुमचा तो नाही. खटक्यात ठिणगी पडत असेल, बंद-चालू करताना चरचर आवाज येत असेल, तर तो खटका बदलायला हवा, सवय नव्हे. आणि रिमोटनं बंद न करता थेट खटका मारणं टाळावं. आधी रिमोट, मग अर्ध्या मिनिटानं खटका.

बाबा हे करतात ते वीज वाचवायला, हे उघड आहे. तर हिशेब करून टाकू. अलीकडच्या टीव्हीला स्टँडबायमध्ये अर्धा वॅट किंवा त्याहून कमी लागतो. रात्रीचे आठ तास धरले तर वर्षाला दीड युनिट, म्हणजे जवळपास काहीच नाही. पण सेटटॉप बॉक्स ‘बंद’ असतानाही दहा वॅटच्या आसपास खात बसतो. त्याचे आठ तासांचे वर्षाला एकोणतीस युनिट होतात. बाबांनी बॉक्सचा खटका जरूर बंद करावा, त्यांचं वाचवणं खरंच वाचवणं आहे. टीव्हीच्या बाबतीत त्यांना वाटतं तेवढं वाचत नाही आणि यांना वाटतं तेवढं नुकसानही होत नाही. दोघांनी कागदावर हे गुणाकार पाहिले तर बरं.

त्याच दिवशी शेजाऱ्यांचंही काही उडालं का, हे विचारलंत का? एखाद्याचा पंखा अचानक भन्नाट फिरला, दिवे फाजील उजळ झाले, फ्रिज बंद पडला? डीपीवरची (गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरची) किंवा खांबावरची न्यूट्रल ढिली झाली की एका घरात व्होल्टेज कमी आणि दुसऱ्यात २३० च्या कितीतरी वर जातं, आणि मग एकाच गल्लीतली चार-सहा उपकरणं एका संध्याकाळी जातात. तसं झालं असेल तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. टीव्ही दुरुस्त होऊन त्याच न्यूट्रलवर परत लावण्यात अर्थ नाही.

स्टॅबिलायझर घ्यावा का, असं तुम्ही विचारलं नाही, पण पुढचं पत्र त्याचंच येईल. बहुतेक एलईडी टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत स्वतः सांभाळून घेतात, मागच्या स्टिकरवर ते छापलेलं असतं. त्यामुळे कमी व्होल्टेजची काळजी नाही, जास्तीची आणि अचानक झटक्याची आहे. झटक्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लागतो. तो नीट काम करायला घराचं अर्थिंग चालू हवं. जुन्या घरांत तिसरं भोक शोभेचं असतं, एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडायला लागली की टीव्हीचा प्लग काढालच, सोबत छपरावरच्या छत्रीची केबल आणि एचडीएमआयही काढा. झटका तिकडूनही येऊ शकतो. कूलर टीव्हीच्या समोर किंवा बाजूला असेल तर हलवा. वाळ्याचा गारवा माणसाला हवा, त्यातला दमटपणा आणि धूळ टीव्हीच्या जाळीतून आत जायला नको. भिंत आणि टीव्ही यांत चार बोटं हवा खेळू द्या. आणि बॅकलाइट पन्नास-साठावर आणा. पहिले दोन दिवस चित्र मलूल वाटेल, मग डोळे सरावतात.

दुरुस्ती की नवा? टॉर्चमध्ये चित्र दिसलं, बॅकलाइटच निघाला, तर दुरुस्त करा. पाच वर्षांचा टीव्ही म्हातारा नाही. काच गेली असेल तर नवा घ्या. मुख्य बोर्ड गेला असेल तर त्याची किंमत विचारा. नव्या ४३ इंचीच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर मी नवा घेईन, पण हे माझं मोजमाप, तुमचं वेगळं असू शकतं. तुलना मात्र ४३ शी करा. दुरुस्तीचा खर्च ५५ इंचीच्या किमतीशी ताडून पाहणं म्हणजे आधीच ठरलेलं उत्तर शोधणं.

आणि इथे तुमच्या यांच्याबद्दल एक. त्यांना मोठा टीव्ही हवा आहे. हवा असणं वाईट नाही. कमावतं माणूस आहे, क्रिकेट मोठ्या पडद्यावर पाहावंसं वाटतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण हा टीव्ही मेलेला ठरल्याशिवाय तो येणार नाही, आणि मेला तर कुणीतरी मारलेला हवा, असा हा सगळा प्रवास झाला आहे. तो फोटो आधीपासून मोबाइलमध्ये आहे, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्हालाही हे दिसलंच असणार. त्यांना म्हणा, ‘५५ घ्यायचा तर घेऊ, दिवाळीला बघू, पैशांचं काय ते बसून ठरवू. पण त्यात बाबांना ओढू नका.’ मोठा टीव्ही आला तर हा दुरुस्त झालेला बाबांच्या खोलीत लावता येईल, त्यांना बातम्यांसाठी रिमोट मागावा लागणार नाही. मला ही तडजोड वाईट वाटत नाही, पण बाबांना विचारून. त्यांना हॉलमध्येच, नातीशेजारी बसून बातम्या ऐकायच्या असतील तर त्यांना खोलीत पाठवणं हा त्यांच्यासाठी निकालच ठरेल.

बाबांना काय सांगू, या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तुम्ही द्यायचंच नाही. ‘बाबा, तुमची चूक नव्हती’ असं सुनेनं समजावलं की त्यात मुलगा तसं मानतो हे कबूल केल्यासारखं होतं. ते मुलानं सांगायला हवं, आणि मुलगा ते सहज सांगेल अशी आशा मलाही नाही. म्हणून टॉर्चच्या प्रयोगाला बाबांना बोलवा. नातीच्या हातात टॉर्च, बाबांच्या हातात रिमोट, आणि यांना तिथेच उभं करा. काळ्या काचेत मेनू सरकताना तिघांनी मिळून पाहिला की कोण चुकलं यावर फारसं बोलावं लागत नाही. नाहीच दिसला तरी बिघाड शोधायला बाबा सोबत होते, एवढं तरी होईल. मग मेकॅनिक आला की त्याच्याशी बोलायला त्यांनाच बसवा. दुपारी घरी असतात, पावती नीट वाचतात आणि जुना सुटा भाग परत मागायला त्यांना संकोच वाटणार नाही.

एक राहिलं. शेवटी टीव्ही द्यायचीच वेळ आली, एक्सचेंजमध्ये किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला, तर त्यात तुमची खाती चालू असतील. पडदा काळा असल्यामुळे टीव्हीवरून बाहेर पडता येणार नाही. मोबाइलवर गुगलच्या खात्यात ‘तुमची डिव्हाइस’ अशी यादी असते, तिथून तो टीव्ही काढून टाका. सिनेमांच्या ॲपमध्येही ‘सगळीकडून साइन आउट’ असा पर्याय सापडेल. ते झालं की पासवर्ड बदला, आणि मगच टीव्ही दाराबाहेर जाऊ द्या.